खालचा जुना दुकानदार आणि वरचा नवा करार: दोन्हींचा कायदा वेगळा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साखर पेठेत तुमच्या वडिलांचं दोन मजली घर आहे. तळमजल्यावरचा गाळा त्यांनी 2011 मध्ये एका गृहस्थांना चादरी-टॉवेलच्या दुकानासाठी दिला. शंभराच्या स्टँपवर 11 महिन्यांचा कागद झाला आणि तो नोटरी केला. त्यानंतर नवीन कागद झालाच नाही. भाडं रोखीनं येत राहिलं, पावती कधी दिली, कधी नाही. वडील गेल्यावर तुम्ही जागा मागितली, तर दुकानदार म्हणतो, "बारा वर्षं उलटली, आता मला कोणी काढू शकत नाही." मूळ माणूस हल्ली दुकानात दिसतही नाही, त्याचा साडू बसतो. तुमच्या भावाला तिथं स्वतःचं दुकान टाकायचं आहे. वरचा मजला रिकामा आहे, तो एका कुटुंबाला द्यायचा आहे, आणि "11 महिन्यांचा करार करू की तीन वर्षांचा?" असं तुम्ही विचारता. शेवटी, कुणीतरी सुचवलं म्हणून, "लाईट तोडली तर तो आपोआप जाईल का?"

मी सोलापुरात दिवाणी बाजूची वकिली करतो आणि माझ्याकडच्या कामात घरमालक-भाडेकरूंचे दावे बरेच असतात. तुम्ही एकच प्रश्न विचारल्यासारखा विचारला आहे, पण कायद्याच्या दृष्टीनं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खालचा माणूस आज कायद्याच्या नजरेत कोण आहे, हा पहिला प्रश्न. वरची जागा अशी कशी द्यायची की पाच वर्षांनी पुन्हा हीच वेळ येऊ नये, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं तुमच्याकडच्या कागदांवर अवलंबून आहे. दुसऱ्याचं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

लाईटचं आधी सांगतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीचं सगळं बिघडतं. वीज, पाणी, संडास, जिना यांतलं काहीही तोडायचं नाही आणि कुलूपही बदलायचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूची अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय बंद करता येत नाही. केली तर कोर्ट ती पुन्हा सुरू करायला लावतं आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. जबरदस्तीनं बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून कबजा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दा बघितलाच जात नाही. म्हणजे जागा तुमची असूनही आरोपी तुम्ही ठरता. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे "मोटर चालू करू दिली नाही" एवढ्यावरूनही तक्रारी होतात. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः भावाला.

आता बारा वर्षांचं. ही समजूत सोलापुरात पेठापेठांत आहे आणि ती चुकीची आहे. बारा वर्षांचा मुद्दा येतो तो मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, स्वतःला मालक म्हणवून केलेल्या कबज्यात. जो माणूस मालकाच्या परवानगीनं आत आला आणि दर महिन्याला भाडं देत राहिला, त्याचा कबजा परवानगीचाच असतो, मग बारा वर्षं होवोत की चाळीस. ज्यानं जागा दिली त्याची मालकी भाडेकरूला नाकारता येत नाही, हे पुराव्याच्या जुन्या कायद्यात होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तेव्हा तो मालक झालेला नाही. पण "मला सहज काढता येणार नाही" असं तो म्हणत असेल, तर त्यात तथ्य आहे. त्याचं कारण मात्र बारा वर्षं नव्हे, वेगळं आहे.

कारण असं, की इतक्या काळात तो बहुधा भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू झालेला आहे. "11 महिन्यांचा कागद केला म्हणजे हक्क लागत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून 11 महिन्यांची ही पद्धत देशभर पडली. महाराष्ट्रात तिचा काही उपयोग नाही. भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्यानं दिलेली किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसत्या वापराच्या परवान्यावर) दिलेली प्रत्येक जागा, मुदत कितीही असो, लेखी करारानं आणि तो करार नोंदवूनच द्यावी लागते. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलमात लिहिलंय. व्यवहारात त्याहून महागात पडते ती पुढची ओळ: नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शिवाय मुद्रांक कमी पडला असेल तर तुटीचं शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो कागद पुराव्यात वाचताच येत नाही.

तुमच्या 2011 च्या कागदावर वर "लिव्ह अँड लायसन्स" लिहिलं असेल तरी माझं मत फारसं बदलत नाही. कोर्ट मथळा बघून थांबत नाही. जागेचा संपूर्ण ताबा त्याच्याकडे होता, किल्ली त्याच्याकडे, मुदत 2012 मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही महिन्याचं भाडं घेतलं, एवढ्या गोष्टी त्याच्या बाजूनं आहेत. "तो निव्वळ परवान्यावर होता" असा दावा लावता येईल, नाही असं नाही. पण काही वर्षं लढल्यावर कोर्टानं "हा भाडेकरू आहे" असं ठरवलं, तर तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता. म्हणून भाडे कायद्यातलं एखादं पक्कं कारण हाताशी असेल, तर मी दावा त्या कारणावरच उभा करतो. तुमच्या हकिगतीत मला अशी तीन कारणं दिसतात, पण तिन्हींचं वजन सारखं नाही.

सगळ्यात कच्चं कारण थकबाकीचं. कलम 15 प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्यानं सगळी थकबाकी दरसाल 15 टक्के सरळव्याजानं कोर्टात भरली, खर्च दिला आणि पुढचं भाडं भरत राहिला, तर त्या कारणावर जागा सोडण्याचा हुकूमनामा होत नाही. ज्याचा धंदा चालू आहे तो पैसे भरतोच. त्यात तुमची वसुली रोखीची आणि पावत्या अर्धवट, म्हणजे किती महिने थकले हेच आधी सिद्ध करावं लागेल.

पोटभाडेकरूचं कारण मात्र चांगलं आहे, पुरावा मिळाला तर. साडू गल्ल्यावर बसतो एवढ्यानं काही होत नाही. नातेवाईक मदतीला बसला, पगारी नोकर म्हणून बसला, असं मूळ भाडेकरू सांगेल आणि कोर्ट ते मानेल. दाखवायचं हे असतं, की मूळ माणसानं जागेवरचा ताबा सोडलाय आणि धंदा आता दुसऱ्याचा आहे. हे कुठून कळतं? दुकानातल्या कागदांवरून. तुमच्या ओळखीच्या माणसानं तिथून रीतसर एक चादर विकत घ्यावी आणि पक्कं बिल मागावं. बिलावर दुकानाचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याच्या मालकाचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी लावायचं असतं आणि पाटीवर क्रमांक लिहायचा असतो, तेव्हा रस्त्यावरून पाटीचा फोटो काढून ठेवा. दुकानाची शॉप ॲक्टची नोंद कुणाच्या नावे आहे, तेही बघा. हे सगळं साडूच्या नावावर निघालं, तर तुमचा दावा पायावर उभा राहिला. मूळ माणसाच्याच नावावर निघालं, तर हा मुद्दा सोडून द्या. ओढूनताणून आणलेलं कारण बाकीच्या खऱ्या कारणांवरचा विश्वासही घालवतं. आणि तो मूळ माणूस हयात आहे का, याची आधी खात्री करा. तो वारला असेल, तर त्याच्यासोबत त्या वेळी दुकान चालवणारा कुटुंबातला माणूस कायद्यानं भाडेकरू ठरू शकतो, आणि मग प्रश्नच बदलतो.

तिसरं कारण भावाच्या गरजेचं. कलम 16 मध्ये मालकाची खरी आणि वाजवी गरज हे कारण आहे आणि घरातल्या माणसाच्या धंद्यासाठी जागा हवी असणं त्यात बसतं. इथं कोर्ट दोन गोष्टी तपासतं. पहिली, गरज खरी आहे का. भाऊ काय धंदा करणार, त्याचा अनुभव काय, भांडवल कुठून येणार, घरच्या दुसऱ्या जागा रिकाम्या आहेत का. जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला तुमचा दुसरा गाळा असेल आणि तो तुम्ही सांगितला नसेल, तर उलटतपासणीत तो निघतो आणि दावा तिथंच कोसळतो. दुसरी, जागा दिली तर भाडेकरूचं जास्त नुकसान की न दिली तर तुमचं, याची तुलना. त्याला त्याच भागात दुसरा गाळा मिळण्यासारखा आहे का, हे इथं महत्त्वाचं ठरतं. आजूबाजूला कोणते गाळे भाड्यानं मिळतायत याची माहिती आणि फोटो आत्तापासून ठेवा. एवढं लक्षात असू द्या, की या कारणावर कबजा घेऊन तो वापरलाच नाही, किंवा वर्षाच्या आत तिसऱ्यालाच दिला, तर भाडेकरू पुन्हा जागा मागू शकतो. भावानं खरंच दुकान टाकायचं असेल तरच हे कारण घ्या.

भाडं वाढवण्याचंही तुम्ही विचारलंय, 4,500 वरून एकदम 12,000. कागदात वाढीची अट नसेल तर कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ मागता येते. त्यापुढची वाढ त्याच्या संमतीनंच.

हे सगळं करण्याआधी एक काम राहिलंय. वडील गेले, पण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. आई, तुम्ही आणि भाऊ अशी वारस नोंद आधी करून घ्या आणि महापालिकेच्या कर आकारणीलाही नावं लावा. एक सहमालकसुद्धा जागेसाठी दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्येच श्रीराम पसरिचा प्रकरणात सांगितलंय, म्हणून नोंदीअभावी दावा अडत नाही. पण भाडेकरूला "नेमकं कुणाला द्यायचं ते कळलं नाही" अशी सबब मिळू नये. वडील वारले, आम्ही वारस आहोत, यापुढचं भाडं आईच्या अमुक खात्यात जमा करा, असं पत्र पोहोच-पावतीसह टपालानं पाठवा. या पत्रात भांडणाची भाषा नको, कारण पुढे हेच पत्र कोर्टात दाखल होणार असतं. खात्यात भाडं येऊ लागलं की हिशोबाचा वाद मिटतो, आणि तो तुम्हाला मालक मानतो हेही नोंदलं जातं. भाडं घ्यायचं थांबवू नका. "घेतलं तर हक्क लागेल" या भीतीनं लोक मनीऑर्डर परत करतात आणि मग थकबाकी मालकामुळेच झाली असं दिसतं.

वेळेबद्दल स्पष्ट बोलतो. दावा दिवाणी न्यायालयात, त्यावर अपील जिल्हा न्यायालयात, आणि त्यापुढे उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो, त्यामुळे निदान मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. तरीही हे वर्षांचं काम आहे. म्हणून मी अशा प्रकरणात तडजोडीची गोष्ट सुरुवातीलाच काढतो. भाडेकरूनं हक्क सोडण्यासाठी रक्कम घेणं या कायद्याच्या कलम 56 प्रमाणे कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. किती द्यायचे हे दोघांच्या निकडीवर ठरतं, त्याचा दर मी इथून सांगू शकत नाही. पद्धत मात्र सांगतो. हक्क सोडल्याचा दस्त नोंदवायचा. पैसे बँकेतून द्यायचे. मोठा हिस्सा रिकाम्या दुकानाची किल्ली हातात पडेल त्याच वेळी द्यायचा, आधी नाही. साडूचीही सही घ्यायची. ही सही लोक विसरतात, आणि मग मूळ माणूस पैसे घेऊन जातो, आतला तसाच राहतो.

आता वरचा मजला. राहण्यासाठी देताय, म्हणजे कायद्यानं तुमच्या हाती खालच्यापेक्षा फार चांगलं साधन दिलंय. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जात नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. दिवाणी दाव्याची गरज नाही. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते, आपोआप लढता येत नाही. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टीबद्दल तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या (परवान्यात भाड्याला शुल्क म्हणतात) दुप्पट दरानं भरपाई मागता येते. निर्णयावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का याची तपासणी. हे सगळं नोंदणीचा हजार-दोन हजारांचा खर्च केला म्हणून मिळतं, आणि तोच वाचवायला लोक नोटरीकडे जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खर्चाचा हिशोब देतो. समजा महिना 8,000, मुदत 36 महिने, परत करायचं डिपॉझिट 50,000. छत्तीस महिन्यांचे 2,88,000 झाले. डिपॉझिटवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेलं तीन वर्षांचं व्याज 15,000. एकूण 3,03,000 वर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेसातशेच्या पुढेमागे. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

11 महिने की तीन वर्षं? कायद्याच्या संरक्षणात फरक नाही, दोन्ही नोंदवावेच लागतात. माणूस अनोळखी असेल तर मी पहिला करार 11 किंवा 12 महिन्यांचा करायला सांगतो. बदलीवर आलेलं नोकरदार कुटुंब असेल आणि तुम्हालाही स्थिरता हवी असेल तर तीन वर्षांचा करा, दरवर्षीची वाढ आणि दोन्ही बाजूंची एक महिन्याची नोटीस त्यात लिहून. मुदत 60 महिन्यांच्या पुढे नको. खरी काळजी घ्यायची ती मुदत संपतानाची. शेवटच्या महिन्यात एकतर नवा करार नोंदवा, नाहीतर किल्ली घ्या. करार संपल्यावर तसंच शुल्क घेत राहिलात, तर खालच्या गाळ्याचा इतिहास वरच्या मजल्यावर सुरू होतो.

छापील नमुना जसाच्या तसा वापरू नका. कोण कोण राहणार त्यांची नावं, फक्त राहण्यासाठीच वापर, दुसऱ्या कुणाला देणार नाही, डिपॉझिट किल्ली देताना त्याच दिवशी परत आणि त्यातून कोणत्या गोष्टी वळत्या होतील, एवढं तर हवंच. सोलापुरात त्यात पाण्याची अट घाला: नळाला पाणी आल्यावर मोटर कोण लावणार, वरची टाकी कुणाची, बोअरचं पाणी मिळणार का, टँकर आणला तर खर्च कसा वाटायचा. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती भांडणांत भाड्यापेक्षा पाण्यावरून सुरू झालेली जास्त असतात. वीज वेगळ्या मीटरवर घ्या आणि पहिल्या दिवशीचं रीडिंग करारातच लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा आणि त्याची पोच कराराला लावून ठेवा.

राहिला एक मुद्दा. उद्या खालचा गाळा रिकामा झाला आणि भावाचा विचार बदलला, तर तो लिव्ह अँड लायसन्सवर दिला की कलम 24 लागेल असं समजू नका. ते कलम फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकानाच्या बाबतीत मुदत संपल्यावरही दिवाणी कोर्टातच जावं लागतं, नोंदवलेला करार तिथं उपयोगी पडतो पण वेळ लागतोच. बँक, सरकारी कंपनी किंवा 1 कोटी आणि त्यावर भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) असलेली कंपनी भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही, म्हणून अशा भाडेकरूला थोडं कमी भाडं घेऊनही जागा द्यावी असं मी मालकांना सांगतो. साखर पेठेतल्या लहान गाळ्याला असा भाडेकरू मिळेलच असं नाही.

तुम्ही वकिलाकडे जाल तेव्हा 2011 चा मूळ कागद, जेवढ्या असतील तेवढ्या पावत्यांची स्थळप्रत, वडिलांची भाड्याची वही, मृत्यू दाखला, सिटी सर्व्हेचा उतारा, कराची पावती आणि दुकानाच्या लाईट बिलाची प्रत बरोबर न्या. वडिलांच्या हातची वही नीट जपा. पावत्या नसताना त्यांनी नेहमीच्या व्यवहारात लिहिलेल्या नोंदी पुराव्यात येऊ शकतात. वकिलांना पहिला प्रश्न हा विचारा, की दावा परवान्याच्या आधारावर लावायचा की भाडे कायद्याच्या कारणावर, आणि ते जे म्हणतील त्याचं कारण समजून घ्या. 2011 च्या कागदात मुदत संपल्यानंतरच्या काळाबद्दल काही अट असेल, तर ती जशीच्या तशी इथं लिहा. त्यावरून वर सांगितलेल्यातलं काही बदलत असेल तर मी सांगेन.